काकूंच्या डोळ्यातलं निळं भिंग

कडक काकूंच्या डोळ्यात डॉक्टरांनी चुकून निळं भिंग बसवलं, ही बातमी सकाळी दहाला दवाखान्याच्या पायऱ्यांवर जन्मली आणि बारा वाजायच्या आत बेकरीपर्यंत चालत आली. बेकरीत ती जरा अंगाने भरली. भिंग म्हणे कुणा नटीसाठी मागवलेलं होतं, खोक्यांची अदलाबदल झाली. न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत तर तिला वेगळंच शेपूट फुटलं: काकूंना आता नवरासुद्धा निळा दिसतो, म्हणून त्या घरी जायलाच तयार नाहीत. आणि हे सगळं कानाला लागून, खालच्या आवाजात. कारण काकूंबद्दल मोठ्याने बोलायची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

काकूंची लाँड्री म्हणजे दहा पावलांत संपणारं दुकान. पुढे काचेचा काउंटर, मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांनी ठासून भरलेली फडताळं, मधोमध इस्त्रीचं लांबलचक टेबल, आणि पार मागे, पाण्याच्या आवाजात, काका. काका कपडे धुवायचे. नीळ, खळ आणि इस्त्री काकूंकडे. बोलण्याचं खातंही काकूंकडेच. काका फारसं बोलत नसत, आणि खरं सांगायचं तर मधे फट मिळाल्याशिवाय बोलणार तरी कसे?

‘कडक’ हे नाव खळीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर गल्लीत दोन तट होते. बटण तुटल्याची तक्रार घेऊन कुणी आलं की काकू आधी त्याच्या पोटाकडे बघायच्या, मग बटणाकडे. बटणाकडे बघायची वेळ सहसा येतच नसे. पण काम असं चोख, की कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं वर्षानुवर्षं काकूंकडेच यायचं. शिव्या खाव्यात आणि कोट घालावा, असा तिथला रिवाजच होता.

तर या काकूंना दिसेनासं झालं. एकदम नाही, कुणी रोज थोडं थोडं दूध सांडावं तसं समोरचं जग धुरकटत गेलं. काकूंनी मात्र दोष सगळा जगावर ढकलला. दिवे मंद झालेत. दोरा कंपनीने बारीक केलाय. पांढरे कपडे हल्ली पिवळेच येतात, लोकांना घाम फार यायला लागलाय.

भांडं फुटलं ते हेडमास्तरांच्या पँटवरून. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण असते: कमरेच्या किंवा कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्याचे टाके. हेडमास्तरांचे लाल दोन, बेकरीवाल्याचे लाल तीन. काकूंनी तिनाचे दोन वाचले. हेडमास्तर काडीपहिलवान आणि बेकरीवाला रोज स्वतःचा माल चाखणारा. हेडमास्तरांनी त्या दिवशी अख्ख्या शाळेपुढे शिस्तीवर भाषण केलं ते एका हाताने कंबर धरून. दुसरा हात हवेत फिरवायची त्यांची सवय होती, म्हणून बरं. दोन्ही फिरवायची असती तर शिस्तीचं काही खरं नव्हतं.

“आई, बस झालं,” सूनबाई म्हणाली. काकूंना उलट उत्तर देऊन जिवंत राहिलेली ती एकटीच. “आज डोळे दाखवायचे.”

डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली.

“काकू, दोन्हीकडे मोतीबिंदू. चांगला जुना आहे. आधी उजवा करू, महिन्याने डावा. थेंब घालून डोळा बधिर करतो, कळणारही नाही. वीस मिनिटांचं काम.”

“झोपवणार?”

“नाही, जाग्याच असाल. तोंडावर कापड असेल, फक्त डोळ्यापुरतं भोक. एवढंच करायचं, की हलायचं नाही आणि बोलायचं नाही.”

“वीस मिनिटं?”

“वीस मिनिटं.”

काकूंचा चेहरा पडला. सूनबाईने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

घरी येताना मात्र काकू एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि सूनबाईचं हसू रस्त्यातच विरलं. “आई, सुरीची भीती वाटते का?”

“सुरीचं काय घेऊन बसलीस? ती त्याच्या हातात असणार. मला माझीच भीती वाटते.” काकूंचा आवाज बारीक झाला होता. “तोंड झाकलेलं, वर काय चाललंय दिसत नाही, आणि मधेच मी हलले तर? काही बोलून गेले तर? माझं तोंड माझ्या ताब्यात कधी होतं का गं? माझ्या हाताने माझा डोळा जायचा. डोळा गेला की दुकान गेलं. मग मी दिवसभर काय करू, तुझ्या सासऱ्याकडे बघत बसू? तेही दिसायचं नाही.”

त्या आठवड्यात काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा एक शर्ट करपवला. गिऱ्हाइकाने तोंडातून ब्र काढला नाही. उलट काकूच म्हणाल्या, “चुकलं माझं.” तो माणूस घाबरून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, काकूंचं काही खरं नाही.

शेवटी तोड काढली ती काकांनी. एके दुपारी ते मागून हात पुसत आले, टेबलावरचे कपडे बाजूला केले आणि म्हणाले, “झोप.”

“काय?”

“इथे झोप. सवय करू.”

काकू टेबलावर उताण्या झाल्या. काकांनी पायापासून डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढली, गजराचं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. इतक्या शांततेत त्या माणसाला आपल्याच घड्याळाची टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली असेल. सुख टिकलं दीड मिनिट.

“अहो, नळ बंद केलात ना?” चादर बोलली.

“दीड,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पावणेतीन. तिसऱ्या दिवशी तर अनर्थच. बँकेतला कारकून कपड्यांचं गाठोडं घेऊन आत आला आणि दारातच थबकला. टेबलावर डोक्यापर्यंत पांघरूण घातलेली आकृती, शेजारी खाली मान घालून बसलेले काका. त्याने टोपी काढली.

“काका... कधी झालं हो?”

“झालंय केव्हाच,” चादर ताडकन उठून बसली. “सहा शर्ट, दोन अभ्रे, कालच तयार आहेत. न्यायला ये म्हणून निरोप किती वेळा धाडायचा?”

गाठोडं तिथेच राहिलं. कारकून पुढे आठवडाभर स्वतःचे कपडे स्वतः धूत होता.

काकूंनी मात्र कपाळावर हात मारला. “नाही व्हायचं हो माझ्याच्यानं. सांगून टाका त्या डॉक्टरला, नको म्हणून.” आणि त्या खरोखरच रडल्या. काका पाण्याचा ग्लास घेऊन आले.

चौथ्या दिवशी कामाचा डोंगर साचला होता. काकू टेबलावर आडव्या, म्हणून काकांनी इस्त्री काउंटरवर मांडली आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून एक शर्ट घेतला. चादरीखालून काकूंना सगळं ऐकू येत होतं. पाण्याचा शिडकावा. इस्त्रीचा धप्प आवाज. आणि काकूंच्या अंगाची लाही झाली. हा माणूस आधी बाही घेतोय! कॉलरच्या आधी बाही! त्या ओरडणार, इतक्यात वाटलं, बघू तरी मेला पुढे काय करतो. मग त्यांनी मनातल्या मनात तोच शर्ट हाती घेतला आणि नीट करायला लागल्या. कॉलर, आधी आतून, मग बाहेरून. खांदा. मनगटपट्ट्या. उजवी बाही, डावी बाही. बटणांच्या मधून मधून इस्त्रीचं नाक फिरवायचं. पाठ. घडी.

“चार,” काका म्हणाले. त्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

“गप्प बसा,” काकू म्हणाल्या. “दुसरा घेतलाय मी.”

असं ते गणित सापडलं. एक शर्ट चार मिनिटं. एक डोळा म्हणजे पाच शर्ट.

ऑपरेशनच्या सकाळी भीती गेली होती म्हणाल, तर मुळीच नाही. हिरवा झगा घालून काकू आत निघाल्या. काकांनी दारात त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, “कॉलर आधी.” चाळीस वर्षांत एवढं मुद्द्याचं बोलणं त्यांनी दुसरं केलं नसेल.

थेंब पडले. कापड आलं. वर एक मोठा उजेड, पाण्याच्या तळातून बघावा तसा हलणारा. एका नर्सने काकूंचा हात हातात घेतला. “काही झालं तर नुसतं दाबा, काकू. बोलू नका.”

काकूंनी पहिला शर्ट घेतला तो हेडमास्तरांचा, प्रायश्चित्त म्हणून. दुसरा बँकेतल्या कारकुनाचा. तिसऱ्याच्या पाठीवर होत्या, आणि नाकात काहीतरी हुळहुळलं. शिंक. आता हलणार, आता डोळा जाणार. पण इस्त्री कापडावर टेकलेली होती ना! इस्त्री टेकलेली असताना जी बाई शिंकते ती शर्ट जाळते, हे काकूंनी किती पोरींना ओरडून शिकवलं होतं. त्यांनी इस्त्री पुढे रेटली, पाठीच्या टोकापर्यंत नेली, उचलली, उभी ठेवली. तोवर शिंक कंटाळून निघून गेली होती. नर्सला फक्त एवढं कळलं, की काकूंचा अंगठा तिच्या तळहातावर मागे-पुढे, मागे-पुढे सरकतोय, आणि चांगला जोरात.

“झालं, काकू,” डॉक्टर म्हणाले. “छान झालं.”

“थांबा. पाचव्याची एक बाही राहिलीय.”

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण काकूंना अर्ध्यात अडवायची हिंमत त्यांनाही नव्हती. हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून ते मुकाट उभे राहिले. बाही झाली. घडी झाली. मग काकू एवढ्या जोरात शिंकल्या, की बाहेर बाकावर बसलेले काका हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. काकूंनी डोळा मिचकावला, उघडला. समोर डॉक्टर. काकूंची नजर चेहऱ्यावर थांबलीच नाही, थेट कोटाच्या कॉलरवर गेली. तिथला टाका न टाका दिसत होता. कॉलरवरून खाली सरकली. मग चादरीवर. मग अभ्र्यावर. मग परत कोटावर.

“निळं!” काकू किंचाळल्या. “सगळं निळं!”

पलीकडच्या खाटेवर सफरचंद सोलत बसलेल्या बाईने सुरी खाली ठेवली. तिला आणखी ऐकायची गरज नव्हती. ती पायऱ्यांकडे धावली.

“काकू, ऑपरेशननंतर थोडे दिवस रंग जरा निळसर वाटतात,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “अगदी साहजिक आहे.” आणि का कोण जाणे, त्यांनी कोटाच्या बाह्या पाठीमागे लपवल्या.

काकूंनी एक डोळा झाकला, मग दुसरा. मग ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला. कापूस पांढराशुभ्र होता. तो त्यांनी चादरीला लावून बघितला. अभ्र्याला लावून बघितला. डॉक्टरांना वाकायला लावून कोटाला लावून बघितला. मग त्या बराच वेळ गप्प बसल्या, कुणी चादर न पांघरवताही.

सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

“सूनबाई. तुला माहीत होतं?”

“आई, गल्लीला माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला?”

काकूंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर कमालीच्या बारकाईने छत न्याहाळू लागले. आणि मग काकूंना हसू फुटलं. खाट करकरली, नर्स धावत आली, डॉक्टर म्हणाले, “डोळ्याला ताण नको, काकू!” तर त्या आणखीच हसल्या. “पार घातलंत रे मला पाठीशी,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “निळे होऊन फिरलात, पण बोलला नाहीत!”

गल्लीतून, डोळा जपायला दिलेला हिरव्या काचेचा चष्मा लावून काकू घरी निघाल्या तेव्हा बेकरीवाल्याने धीर करून विचारलंच, “काकू, मी निळा दिसतो का?”

“नाही रे,” काकू म्हणाल्या, “मळका दिसतोस. पूर्वी अंदाज होता, आता खात्री झाली.”

महिन्याने डावा डोळा. त्या दिवशी काकू मुद्दाम तासभर लवकर गेल्या आणि बाहेरच्या बाकांवर रांगेने थरथरत बसलेल्यांची हजेरी घेतली. “तुम्ही काय करता? गवंडी? मग रचा विटा. ओळंबा लावून रचा, घाई नको. तुम्ही? बस चालवता? काढा गाडी डेपोतून. आणि तुम्ही हो, काय, काहीच करत नाही? मग वीस मिनिटं तुम्हाला काय जड आहे?” बाक हसायला लागले. डॉक्टरांनी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं.

भिंगाची कुजबुज मात्र पुढे वर्षभर चालली. काकूंनी ती खोडली नाही, डॉक्टरांनीही नाही.

डोळ्यातल्या भिंगाला रंग नव्हता. निळे होते ते कोट आणि चादरी. मोतीबिंदूतून काकूंना पांढरं पिवळं दिसत होतं, म्हणून तीन वर्षं त्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याला तिप्पट नीळ घालत होत्या.