हळदीकुंकवात गेलेली कोकिही

माझी चळवळ आईने हळदीकुंकवात वाटून टाकली.

न्यूझीलंडमधल्या टाकानिनीत, आमच्या नव्या वसाहतीच्या तोंडाशी खडीचा रखरखीत तुकडा होता. तिथे मला कोकिही लावायची होती. ही इथली मूळची पालेभाजी. समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत, फारसं पाणी न मागता वाढते. पण आता लोक प्लास्टिकमधला पालक आणतात! (हे माझ्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं.) बिया शेजारच्या आंटी मेरेंनी दिल्या, त्यांच्या आजीच्या किनाऱ्यावरच्या.

"जपशील ना? रोपं झाली की एखाद्या शनिवारी मिळून लावू," त्या म्हणाल्या.

पंधरा रोपं जगवली. शनिवार ठरला. गुरुवारी संध्याकाळी मीटिंगहून आले, तर माझ्या खिडकीतली लाडकी कुंडी तेवढी शिल्लक!

"आई, डेकवरची रोपं?"

"वाणात दिली, तुझ्या पत्रकासकट. प्लास्टिक नको, झाडं द्या, असं तूच सांगतेस ना?"

(सांगते. पत्रक क्रमांक चार.)

"अगं, ती चळवळीची होती!"

"मग? माझ्याकडे चौदा बायका आल्या. तुझ्या मीटिंगला किती होत्या?"

(दोन. त्यातली एक मी.)

शुक्रवारी मी वाण परत मागायला निघाले. पहिलं घर फार्मसिस्ट कुलकर्णी काकूंचं.

"काकू, ते रोप जरा..."

"अगं, शेंडे खुडून डाळीत टाकले, थेट घोळीसारखी लागते! आणखी आहेत?"

दुसऱ्या घरी तिथल्या लेकीने दार किलकिलं केलं. "सॉरी, मम सेज इट्स लकी." दार बंद! तिसऱ्या घरी मला हळदीकुंकू लावून, हातावर तिळगूळ ठेवून वाटेला लावलं. चौथ्या घरी जायची हिंमत झाली नाही.

शनिवारी आंटी मेरेंसमोर ती एकुलती एक कुंडी ठेवली. त्यांनी मुळं पाहिली.

"रोज पाणी घालायचीस?"

"दोनदा."

"कुजली की गं ही! आणि बाकीच्या?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "चौदा घरांत? आणि शिजवून खातायत? स्वीट ॲज! झकासच की! आता तुझ्या आईलाच भेटते."

दोन महिन्यांनी त्याच बायकांनी आपापल्या कोकिहीच्या फांद्या आणून खडीत लावल्या. तुकडा हिरवा झाला. मी न राहवून काकूंना विचारलं, "रोपासोबत माझं पत्रक मिळालं होतं ना?"

"हो तर! कुंडीखाली घातलंय. पाणी काय छान शोषतं!"

पाचव्या पत्रकासाठी मी जाड कागद घेतला.