शुक्रवारचा समेट

शाळेत मास्तरकी करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत हो! गवतातून चालून आलं की पदराला कुसळं लागतात, तसे ते आपोआप लागून येतात. मी तर रत्नागिरीच्या मिशन शाळेतली बाई, आणि त्यातून ख्रिस्ती. म्हणजे शाळेची कुसळं वेगळी आणि देवळाची वेगळी!

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागची. आमच्या मिसबाई नुकत्याच विलायतेहून आलेल्या. उंच, गोऱ्यापान, मनानं लोणी. त्यांनी ठरवलं, मुलांना समेट शिकवायचा. देवानं माणसाशी समेट केला, तसा माणसानं माणसाशी करावा. तत्त्व सोन्यासारखं. पण बाईसाहेब, गाव कुठलं निवडलंत? रत्नागिरी! इथं पोर जन्मतं तेच वकिलाचा पत्ता विचारत!

*

पहिल्याच दिवशी त्यांनी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. धाकट्यानं बापाकडून आपला वाटा मागून घेतला, परमुलखात उडवला, उपाशी मरायला लागल्यावर परत आला आणि बापानं त्याला पोटाशी धरलं. सांगताना मिसबाईंचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

तिसरीतल्या चिंतूनं हात वर केला. "मिसबाई, वाटणीचा कागद रजिस्टर झाला होता का?"

"का रे बाळा?"

"झाला असेल तर धाकट्याचा आता हक्क नाही. बापानं जेवायला घालावं, पण मोठ्याची सही घेऊन!"

निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. उरलेली पोरं धाकट्याच्या बाजूनं अपील करायला उठली.

*

मग निघाला शुक्रवारचा समेट. आठवड्यात जे भांडले असतील त्यांनी उभं राहायचं, एकमेकांची क्षमा मागायची, हात मिळवायचा, आणि तो अख्खा तास एका बाकावर बसायचं. वर दोघांत मिळून एक विलायती बिस्कीट!

झालं! गुरुवारी दुपारपासून शाळेत धुमश्चक्री सुरू. ज्यांचं जन्मात कधी वाकडं नव्हतं, ते एकमेकांच्या शर्टाची बटणं तोडायला लागले. भटाबामणांची पोरं तर सगळ्यांत पुढे! बिस्कीट खायचं, विहिरीवर जाऊन खळखळून चूळ भरायची, की धर्म जागच्या जागी.

मिसबाई मिशनला कळवायच्या, "समेटाचं काम जोरात वाढत आहे." वाढणारच! भांडणं वाढली की समेट वाढतात.

*

मिसबाईंचं मराठी अजून कच्चं, म्हणून या तासाला दुभाषी आमचे याकोब मास्तर. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात पेटी कोणी वाजवायची, यावरून त्यांचा हेडमास्तरांशी अबोला. एकाच खोलीत दोघांच्या खुर्च्या, पण निरोप पोरांमार्फत.

एकदा मास्तर अगदी रंगात आले होते. "मुलांनो, रात्र होण्याआधी मनातला राग टाकून द्या!" तेवढ्यात हेडमास्तर दारात उभे राहिले. मास्तरांनी तोंडसुद्धा वळवलं नाही. "चिंतू, त्यांना सांग, वर्ग चालू आहे."

चिंतू दाराशी गेला आणि अदबीनं म्हणाला, "सर, वर्ग चालू आहे. क्षमेचा."

*

हा चिंतू आणि त्याचा चुलत भाऊ बाळ्या एकाच वर्गात. गावाबाहेर दोघांची घरं शेजारी शेजारी, मध्ये दगडांचा गडगा. तो गडगा कोणी कोणाच्या आंब्याच्या कलमांत सरकवला आणि कोणाचे आंबे कोणी उतरवून नेले, यावरून चिंतूचे वडील आप्पा आणि बाळ्याचे वडील तात्या कोर्टात गेलेले. पोरं एकमेकांशी बोलली की घरी पाठ सोलून निघायची. आणि शाळेतून चुगली पोचवणारे शहाणे होतेच!

तरी ही दोघं दर गुरुवारी न चुकता मारामारी करायची. एकदा मी दोघांना मानगुटीला धरलं. "मेल्यांनो, एका बिस्किटासाठी एवढं?"

बाळ्यानं खिसा उलटा केला. आत बिस्किटांचा नुसता भुगा!

"बिस्कीट कोणाला हवंय, बाई? मिसबाईंनी बळंच शेजारी बसवलं, असं घरी सांगता येतं. मग तासभर बोलता येतं."

मी दोघांची मानगूट सोडली. मी म्हटलं, "बरं, बरं. पण जरा जपून मारा रे!"

*

मग घात झाला. मिसबाईंनी शिकवलं, आपल्या घरच्यांनी ज्याचं वाईट केलं असेल, त्याची जाऊन क्षमा मागा.

त्याच संध्याकाळी चिंतू तात्यांच्या अंगणात हजर. "काका, गडगा आमच्या आप्पांनीच सरकवला. क्षमा करा." आणि त्याच वेळी बाळ्या आप्पांच्या ओटीवर! "काका, तुमचे आंबे आमच्याच तात्यांनी उतरवून नेले. क्षमा करा."

दोन्हीकडच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरते न भरते तोच आप्पा आणि तात्या दोघेही दारात.

"शिंची ती क्षमा!" आप्पा गरजले. "चांगली चाललेली केस बुडवलीत!"

"माझीसुद्धा!" तात्या म्हणाले. "अगदी बरोबर बोललास, आप्पा!"

कित्येक वर्षांनी ते दोघे एकमेकांशी बोलत होते. मिसबाईंनी आनंदानं टाळी वाजवली. "बाई, पाहा, समेट!"

झाला होता खरा! उभ्या उभ्या दोघांनी एकमतानं ठरवलं. चिंतूला राजापूरला मामाकडे ठेवायचं, बाळ्याला गुहागरला आजोळी. पोरांची पुन्हा गाठ म्हणून पडू द्यायची नाही. माझं असं डोकं फिरलं की वाटलं, शाळेची घंटा काढून यांच्या टाळक्यात हाणावी! पण मी पडले पगारी बाई.

आप्पांनी चिंतूचं मनगट धरलं. चिंतूनं हिसडा मारून ते सोडवलं, धावत जाऊन बाळ्याच्या मुस्काटात एक सणसणीत भडकावली आणि मिसबाईंपुढे येऊन उभा राहिला.

"मिसबाई, आमचं भांडण झालं. आम्हाला बसवा."

लाल झालेला गाल धरून बाळ्याही त्याच्या शेजारी आला.

"हो, मिसबाई! फार मोठं भांडण आहे. पुष्कळ वेळ बसवावं लागेल!"