सासऱ्यांची कंबर आणि साहेबाचा खेळ

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीत लाथ मारली की भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी मानत नाही, पण मला विचारतो कोण? लग्न होऊन पालघरहून तारापूरजवळच्या वाडीत आले, तर पार मुरब्याहून कंबर धरलेली माणसं दारात येऊ लागली. आधी लाथ मारायची आणि मग त्यांच्याच पाया पडायचं, असा माझा संसार सुरू झाला.

साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरला मोठ्या प्रकल्पाचं काम निघालं होतं आणि परदेशी साहेब आले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या साहेबाला गोल्फचं वेड. भात कापून झालं की आमच्या मोकळ्या शेतात तो पावडरीच्या दुधाचे रिकामे डबे पुरायचा आणि काठीने चेंडू त्यांत ढकलत बसायचा. सासरे पहिल्यांदा बांधावरून हसले. मग बांधावरून सल्ले देऊ लागले. शेवटी एके दिवशी काठीच हातात घेतली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण भांडण व्यवस्थित व्हायचं.

खेळण्याआधी साहेब आमच्या ओटीवर पाठीचे व्यायाम करी. उताणा पडून गुडघे छातीशी घेई, मग हातापायांवर होऊन मांजरासारखी पाठ वर काढी. या वयात पाठ जपायला हवी, असं तो खुणांनी सासऱ्यांना बजावी. सासरे सासूबाईंना म्हणत, "याला खेलायच्या आदी लोलायला लागतं!"

साहेबाचा मायदेशी जायचा दिवस ठरला. जायच्या आधीच्या रविवारी शेवटचा डाव होता आणि त्यात साहेबाला हरवायचंच, असं सासऱ्यांनी मनावर घेतलं. चेंडू लांब जावा म्हणून गुरुवारी त्यांनी अशी काही कंबर फिरवली की चेंडू जागच्या जागी राहिला आणि सासरे वाकडे झाले.

मग मात्र साहेबाचे व्यायाम आठवले. इतक्या दिवसांचे राहिलेले सगळे त्यांनी एका सकाळी उरकायला घेतले. हातापायांवर झाले ते तसेच अडकले. शेजारीण डोकावून म्हणाली, "काय हरवलं काय?" सासूबाईंनी आणि मी त्यांना कसंबसं आडवं केलं.

सासूबाई म्हणाल्या, "घरात पायाळू हाय. एक लात खावा नि मोकले व्हा."

"सुनेची लात? त्यापरीस वाकडा मरेन!"

मला हायसं वाटलं. सासऱ्यांना पाय लावायची कल्पनाच मला करवत नव्हती. घरात येऊन सहा महिने झाले तरी ते माझ्याशी थेट बोलत नसत, जे काही असेल ते सासूबाईंमार्फत. पहिली ओळख लाथेने कशी करायची?

रविवारी साहेबाच्या जीपचा हॉर्न वाजला मात्र, सासरे पालथे झाले. "मार गं पोरी, बेगीन!"

मी पाय नुसता टेकवला.

"ही लात हाय का फूल वायलंस?"

मग मात्र मला राग आला, आणि लाथ चांगली बसली. दारात साहेब टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने काय समजून घेतलं देव जाणे, पण त्या दिवशी तो माझ्यापासून चार हात लांबच राहिला.

सासरे उठले, "गेली!" म्हणाले आणि ताठ चालत शेतात गेले. सासूबाईंनी मला मागे धाडलं. दोन्ही म्हाताऱ्यांचे चेंडू मी डब्यांतून वाकून काढत होते. शेवटच्या डब्यात सासऱ्यांचा चेंडू साहेबाच्या आधी पडला. मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. स्वतः हळूहळू खाली वाकले, चेंडू काढला, धोतराला पुसला आणि साहेबाच्या हातात ठेवला. साहेबाचे डोळे भरून आले. तो चेंडू खिशात घालून भराभरा जीपकडे निघाला.

सासरे मात्र अर्धेच वर आले होते. मी दंड धरला.

"मामंजी, दुखतंय?"

"लय. पण त्याला सांगू नको."

साहेबाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी ते कुजबुजत होते.