पोनिरानच्या खांद्यावरची पट्टी

आमच्या क्लातेनमध्ये लग्न निघालं की आधी सुतार्मीबाईंची तारीख धरतात, मग मांडववाल्याची. नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाची नक्षी काढावी ती त्यांनीच. लेपाची वाटी मी धरते. पन्नाशीला पाळी गेली आणि बाईंच्या हातावरून घाम निथळू लागला. एका नवरीची नक्षी तर पार भुवईपर्यंत ओघळली. तशी आणखी एक ओघळती, तर तीस वर्षांचं नाव मातीत जातं.

त्यांचा नवरा पोनिरान स्वतःला मोठा वैद्य समजतो. त्याचं निदान कायम एकच. "अंगात वारं शिरलंय तुझ्या. झोप पालथी." मग तेल लावून नाण्याने पाठ लाल होईस्तोवर खरवडायची. योग्या शहरातल्या इस्पितळात नेता का म्हटलं, की "एवढ्याशासाठी मोटरसायकल काढू?" दोन वर्षं हेच चाललं.

शेवटी बाई बहिणीबरोबर बसने गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून इस्ट्रोजेनच्या पट्ट्या दिल्या. कमरेखाली चिकटवायच्या, आठवड्यातून दोनदा बदलायच्या. महिन्याभरात हात कोरडा झाला.

मागच्या शुक्रवारी मी रविवारच्या लग्नासाठी लेप खलत होते. बाई पट्टी घ्यायला गेल्या, तर पाकीट रिकामं. पोनिरान ओसरीवर उघडाच बसला होता, दोन्ही खांद्यांवर एकेक पट्टी. दुखलं की पट्टी लावतात सगळेच, पाकीट वाचतो कोण.

"काही दम नाही तुझ्या पट्टीत," तो म्हणाला. "जरासुद्धा गरम लागत नाही."

"दुखण्याची नाही ती. बायकांच्या अंगात जे कमी पडतं ना, ते असतं त्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे आता तुमच्या अंगात गेलं."

तो स्वतःच्या छातीकडे बघत राहिला.

"काही नाही हो, वारं शिरलं असेल," बाई म्हणाल्या. "झोपा पालथे, नाणं आणते."

"थट्टा सुचतेय तुला? चल, डॉक्टरकडे चल."

दोन मिनिटांत मोटरसायकल बाहेर. बाई चिठ्ठी घेऊन मागे बसल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन पट्ट्यांनी काही होत नाही म्हणून सांगितलं, तरी त्याने तीनदा विचारून घेतलं. मग बाईंनी आपली चिठ्ठी पुढे केली आणि तीन महिन्यांच्या पट्ट्या घेऊन आल्या.

रविवारी नक्षी केसभर हलली नाही. मांडवात पोनिरान जेवता जेवता सांगत होता, बायकोच्या तब्येतीसाठी आपण योग्यापर्यंत गाडी कशी पळवली. माझ्याच्याने राहवेना. कोणाच्या तब्येतीसाठी पळवली, ते मी सगळ्या पंगतीला सांगितलं.