इतर जनावरे

भारतात कुठल्याही कोपऱ्यात चित्रकाराला काही फुकट मिळायची शक्यता निर्माण झाली, की तिचा सुगावा सगळ्यात आधी कडेगावात आमच्या दाजींना लागायचा, आणि ते मला मिळणार नाही याची पक्की व्यवस्थाही सगळ्यात आधी तेच करायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पलटणीत स्टोअरकीपर होते. पेन्शन घेऊन गावी आले, ऊस लावला, आणि ऊस आपला आपण वाढतो हे ध्यानात आल्यावर उरलेला सगळा वेळ त्यांनी माझ्यामागे लावला. साठ सालानंतरची ती चार-पाच वर्षं मी मलकापूरला आमच्या माळवदावर बसून चित्रं काढत होतो आणि कराडात दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. दाजींनी स्वतः आयुष्यात ब्रश धरला तो दाढीचा. चित्र दाखवलं की ते चार पावलं मागे सरत, एक डोळा मिटत, बंदुकीचा नेम धरल्यासारखं दुसऱ्या डोळ्यानं बघत आणि म्हणत, "लांबनं कळतंय. झ्याक हाय." लांबून न कळणारं चित्र म्हणजे त्यांच्या लेखी नासलेलं कापड. पण शिष्यवृत्ती, अनुदान, प्रवेशिका हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज असा काही भरून यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ आत्ताच दिल्लीहून उतरलेत.

दाजींचं वर्तमानपत्र म्हणजे कराडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलातला भज्यांचा कागद. भजी संपली की ते कागद उजेडाला धरून वाचायचे. कामाची जाहिरात निघाली नाही तर दुसरी प्लेट मागवायचे. "तुज्या कलेपायी ह्यांच्या पोटाचं वाटोळं झालं," असं आक्का मला तोंडावर म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्या कागदात मोठी खोड अशी की तेलानं तो आरपार दिसायचा आणि दोन्ही बाजूंचा मजकूर एकमेकांत घुसायचा. एकदा एका सरकारी शिष्यवृत्तीच्या अटींत मागल्या बाजूच्या कुस्त्या शिरल्या, आणि मी 'निसर्गचित्रणाचा अनुभव' याच्या खाली स्वतःचं वजन लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. वजन कमी पडलं असावं, असं दाजींचं मत पडलं, आणि आक्कानं महिनाभर मला कडेगावाहून तूप धाडलं.

त्यात कागद जुना असायचा. मुदत टळून गेलेली असायची. पण दाजींना त्याचं दुःख नव्हतं. "पावणं, मुदत संपली म्हंजे गर्दी हटली," ते म्हणायचे. "आता निवांत बगतील तुमचं." मेव्हण्याला 'पावणं' म्हणायचं आणि अहोजाहो करायचं, ही त्यांची थट्टा करायची रीत. एकदा त्यांनी दगडात मूर्ती घडवणाऱ्या अविवाहित स्त्रियांसाठी ठेवलेलं अनुदान शोधून आणलं. मी म्हटलं, "आवं दाजी, मी बाई न्हाई." "अविवाहित तर हाय न्हवं?" ते म्हणाले. "निम्मी अट तितंच बसली. दगडाचं मागनं बगू." साहेबलोकांपुढे बोलायचं शिक्षणही त्यांनीच मला दिलं. मुंबईच्या कुणा पाहुण्याकडून त्यांनी 'अमूर्त' हा शब्द उचलला होता. "काय बी इचारू द्या, अमूर्त म्हनायचं आन खिडकीतनं भाईर बगायचं. पुढचं त्येच बोलत्यात." हा सल्ला मी एकदा पाळला. समोरच्या साहेबांनी मला माझं नाव विचारलं होतं.

मग त्यांनी माझ्यासाठी 'राहून कलासाधना' शोधली. सांगलीकडचे एक मोठे बागायतदार पेंटरला महिनाभर घरी ठेवून घेतात, जेवणखाण करतात, वर मान देतात, अशी बातमी होती. मी रंगपेटी, कॅनव्हास, नवा सदरा घेऊन दाखल झालो. रात्री पुरणपोळी झाली. सकाळी बागायतदारांनी मला गोठ्याशी नेलं, नीळ घातलेल्या चुन्याचं पिंप दाखवलं, हातात काथ्याचा कुंचा दिला आणि म्हणाले, "दर्शनी बाजू आदी घ्या, पेंटर." दाजींना निरोप धाडला, तर ते पहिल्या एष्टीनं आले. मला वाटलं, सोडवायला आले. ते चार पावलं मागे सरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पावणं, एवढी मोठी जागा तुमाला मुंबईत कोन देनार हाय?" मी महिनाभर गोठा रंगवला. जेवण मात्र उत्तम होतं, हे सांगितलंच पाहिजे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात वडिलांचा, आमच्या आबांचा संयम सुटत चालला होता. त्यांनी कारखान्यावर ऊस वजन करायच्या काट्यावर माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती, आणि मी एकदा काट्यावर बसलो की ब्रश पुन्हा हातात येणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला ते नको होतं. पण आबांपुढे बोलायची छाती घरात एकाच माणसाला होती, आणि तीही अधिक महिन्यातच. त्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा आणि तो म्हणेल ते ऐकायचं. पानावर बसल्यावर दाजींनी धोतरजोडा बाजूला सारला. म्हणाले, "मामा, धोतर नगं. औंदा पोराला मोकळा सोडा." आबांनी बाजूला सारलेल्या धोतरजोड्याकडे बघितलं. अधिक महिन्यात जावयाचा शब्द मोडायचा कसा? शेवटी ते म्हणाले, "बरं. कारखान्याचा बॉयलर पेटंपतुर सोडला. तवर घरचा न्हाई, गावचा न्हाई, असा येक मानूस ह्याचं चित्र बगायला थांबला पायजे. न्हाईतर काट्यावर." आबांची मागणी एवढीच होती, एक अनोळखी माणूस. पण चित्र बघायला माणूस मलकापुरात आणायचा कुठून?

दसरा झाला. बॉयलर पेटायला आठवडा उरला, तेव्हा दाजी भज्यांचा कागद घेऊन आले आणि स्वतःच मोठ्यानं वाचू लागले. 'सांगली येथे भव्य प्रदर्शन. उत्कृष्ट नमुन्यास पारितोषिक. प्रवेशिका जागेवर स्वीकारल्या जातील.' मी कागद हातात घ्यायला गेलो तर त्यांनी तो घडी करून खिशात घातला. "मोठं चित्र घ्या. आपल्या हरण्याचं," एवढंच म्हणाले. हरण्या आमचा खिलार बैल. उजवं शिंग जरा खाली कललेलं, स्वभावानं आबांसारखाच. आदल्या उन्हाळ्यात तो गेला, तेव्हा आबा दोन दिवस जेवले नव्हते. नंतर मी त्याला आठवून आठवून रंगवला, नदीवर पाणी पिताना, जवळजवळ खऱ्याच्या मापाचा. आबांना दाखवला नव्हता. हिंमत झाली नव्हती. ते चित्र गोधडीत गुंडाळून एष्टीच्या टपावर चढवलं आणि आम्ही सांगलीला उतरलो.

मैदानावर पोचलो तर शेणाचा वास. ओळीनं बांधलेले वळू, म्हशी, कालवडी. प्रदर्शन जनावरांचं होतं. मी तिथूनच मागे फिरायला लागलो. दाजी मात्र सरळ आत शिरले. चिटणीस त्यांना बघून म्हणाले, "या, औंदा उशीर केला?" दाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मुद्द्यावर आले, "बैल आनलाय." चिटणिसांनी गोधडीकडे बघितलं. नियम असा होता की आलेला नमुना दावणीला बांधलाच पाहिजे. दाजींनी पिशवीतून दावं काढलं, चौकट खुंट्याला बांधली आणि पुढे मूठभर वैरणही टाकली. माझं चित्र एका लठ्ठ म्हशीच्या आणि एका तापट वळूच्या मधे उभं राहिलं. म्हशीनं वैरण खाल्ली.

तासाभरात माणसांची रीघ लागली. माणसं चित्राभोवती फिरत, मागे जाऊन बघत, हसत, परत पुढे येत. एकानं विचारलं, "दात किती?" दाजी ढिम्म चेहऱ्यानं म्हणाले, "आदत हाय. दुधाचा दात अजून एक बी पडला न्हाई." मी लाजेनं म्हशीच्या आडोशाला उभा होतो. तेवढ्यात गर्दीत मला आबांचा पटका दिसला. जन्मात चित्रांच्या प्रदर्शनाला पाय न लावणारे आबा, पण सांगलीचं जनावरांचं प्रदर्शन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. एवढी गर्दी म्हणजे बैल तसाच तालेवार असणार, म्हणून ते कोपरानं वाट काढत पुढे आले. आणि थांबले. कललेल्या शिंगाकडे बघत राहिले. त्यांचा हात वशिंडाकडे गेला आणि कॅनव्हासच्या अलीकडे थबकला. शेजारच्या कुणा परक्या माणसानं त्यांना विचारलं, "कुनाचा वो बैल?"

"माजा," आबा म्हणाले. मग पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आन काडनारा बी माजाच हाय."

काट्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. परीक्षकांनी चित्राला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर 'गट: इतर जनावरे' असं लिहिलं होतं. आबांनी ते देवाच्या फोटोशेजारी लावलं. पुढे मी मुंबईत प्रदर्शनं केली. जाहिराती स्वतः वेळेवर वाचल्या, अटी सगळ्या बसल्या. सभ्य माणसं येत, मान हलवत, अमूर्त म्हणत आणि खिडकीतून बाहेर बघत. दात कुणी विचारले नाहीत.

दाजींच्या या घोटाळ्याची गोष्ट मी जन्मभर सांगून लोकांना हसवलं. दाजीही हसायचे. ते गेल्यावर दिवसपाण्याला पुन्हा हाच विषय निघाला. मी म्हणालो, "भज्यांच्या तेलानं 'जनावरांचं' हा शब्दच खाल्ला बघ, आक्का." आक्का आत गेली आणि ट्रंकेतून एक पिवळा फेटा घेऊन आली. "माज्या लग्नाआदी ह्यांच्या वळूला तितंच बक्षीस मिळालेला," ती म्हणाली. "सांगलीचं प्रदर्शन कसलं आसतं ते ह्यांना न्हाई म्हाईत? वरसाला जायाचे की. त्या साली म्हनले, आबा कुटं थांबत्यात ते मला ठावं हाय."

मी फेटा घेऊन अंगणात आलो. काय करावं ते सुचेना. चार पावलं मागे सरलो आणि एक डोळा मिटून दाजींच्या रिकाम्या बाजेकडे बघितलं. लांबून सगळं कळत होतं.