यानं काय काय बघितलंय?

कॅमेरा हातात आला की लोक डोळ्याला लावतात. फौजी कानाला लावायचे. डोळे मिटून शटरचा आवाज ऐकायचे आणि किंमत राहिली बाजूला, विकणाऱ्याला भलतंच विचारायचे, "यानं काय काय बघितलंय?" समोरचा गांगरून जायचा.

लष्करातून निवृत्त होऊन फौजी कुंडलला राहिले होते. साताऱ्यापासून कवठे महांकाळपर्यंत कुठला स्टुडिओ बंद पडतोय, याची खबर त्यांना मालकाच्या बायकोआधी लागायची. तिथले जुने कॅमेरे आणि लेन्स आणून ते लष्करी ट्रंकेत ठेवत आणि दर रविवारी अंगणात सुपात मांडून पापडासारखं ऊन देत. "ओरखड्याला भिऊ नगं, गड्या. बुरशीला भी. बुरशी लेन्स खाती," म्हणायचे.

नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. मी सांगलीत लग्नाचे फोटो काढायला लागलो होतो आणि नव्या कॅमेऱ्याची ऐपत नव्हती. फौजींनी एक जपानी कॅमेरा पुढे केला. कोपऱ्यावर पोचा, बाकी कोरा करकरीत. इतका स्वस्त, की मला चोरीचा वाटला. मी चेष्टेनं विचारलं, "फौजी, यानं काय बघितलंय?" ते पहिल्यांदाच घुटमळले. मग म्हणाले, "लय माणसं."

दोन वर्षं त्या कॅमेऱ्यानं मला नाव मिळवून दिलं. नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत असे फोटो यायचे.

मग इस्लामपूरचं ते लग्न. पाहुण्यांतले कवठे महांकाळचे एक म्हातारे माझ्याजवळ आले, पोच्यावरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरं, ह्यो तर आमच्या स्टुडिओचा मयताचा कॅमेरा!"

आमच्या भागात पुष्कळांचा जिवंतपणी फोटोच निघायचा नाही. माणूस गेला की त्याला खुर्चीत बसवून, हार घालून शेवटचा फोटो काढत. आमच्या घरात वडिलांचा तसलाच एकुलता फोटो आहे. त्या कामाचा कॅमेरा काही स्टुडिओवाले वेगळा ठेवत, तो शुभकार्याला नेत नसत. आणि मी त्याच कॅमेऱ्यानं दोन वर्षं अक्षता टिपत होतो! नवरीच्या आईनं पदरानं लेकीचं तोंड झाकलं. मला मांडवातून उठवलं. धंदा संपला, एवढंच कळत होतं.

तसाच कुंडल गाठलं. "फौजी, तुमी मला फसवलं!"

ते शांतपणे लेन्स पुसत होते. "सांगितलं असतं तर घेतला असतास व्हय? लग्नाचा कॅमेरा हळद खातो, गुलाल खातो, धक्के खातो. ह्यो महिन्यातनं एकदा कपाटाभाईर. स्टँडवर दोन फोटो, परत कपाटात. म्हणून नव्यावानी हाय. असला माल कुणी घेत न्हाई, म्हणून मी घेतो."

"माझं नाव बुडालं त्याचं काय?"

त्यांनी मान वर केली. "तुझ्या बापाचा फोटो कवठ्यातल्या कंच्या स्टुडिओवाल्यानं काढला, आईला इचार जा."

कॅमेरा त्याच स्टुडिओचा होता. यानं काय काय बघितलंय, हे फौजींनी विकणाऱ्याला विचारलं असणार; त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं कॅमेऱ्यावरून हात फिरवला. "ह्यानंच?" म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लेन्ससमोर मान खाली घालून बसली. मी तिचा फोटो काढला.

इस्लामपूरची बोंब सांगलीपर्यंत आली होती. पुढच्या लग्नासाठी मी मित्राचा कॅमेरा मागून ठेवला. आठवड्यानं आईचा फोटो धुऊन आला, तो घेऊन कुंडलला निघालो. कॅमेराही खांद्याला होता. माफी मागायची तर त्याच्यासकट मागावी म्हणून.

दारात माणसं जमलेली. फौजी पहाटे गेले होते. त्यांचा मुलगा पुढे आला. "दादा, तुमचीच वाट बघत हुतो. काल छातीत दुखाय लागल्यावर आबा म्हणाले, मी गेलो तर माझा फोटो त्यालाच काढू दे, त्याच कॅमेऱ्यानं. आन फुडच्या लग्नाला दुसरा नेऊ नगं म्हणावं."

लेन्सना ऊन द्यायचे त्याच जागी फौजींना खुर्चीत बसवलं होतं. मी शटर दाबलं.

दुसऱ्या दिवशी पलूसला लग्न होतं. मी तोच कॅमेरा नेला.