पोच मागणारे दाजी

दाजींशी फोनवर बोलणं संपवायचं तर शेवटी एक शब्द म्हणावाच लागायचा, "पोचलं." नुसतं बरं, हो, ठेवतो असलं काही चालायचं नाही. मेढ्याहून तांदळाचं पोतं एसटीत टाकलं की त्यांचा फोन यायचा, "गाडी सुटली. पोतं मागच्या सीटखाली हाय. पोचलं का?"

"आवं दाजी, गाडी आत्ता सुटली म्हणताय, मग पोतं पोचंल कसं?"

"पोतं न्हाई रं गड्या, निरोप! निरोप पोचला का?"

"पोचला."

मग फोन बंद.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, हणमंतराव. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, सगळी नोकरी लष्करात सिग्नलच्या, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या तुकडीत, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात घर. उंच, ताठ, मिशी कात्रीनं नीट कापलेली. "पोच आल्याबिगर निरोप गेला म्हणायचं न्हाई," हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून निघायचंच. कुठल्याशा सरावात एका जवानानं पोच न घेताच 'निरोप दिला' म्हणून सांगितलं आणि अख्खी तुकडी भलत्याच डोंगरावर उपाशी बसली, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की त्या डोंगरावर मीही बसलो होतो असं वाटायला लागलं होतं. माणूस बोलतो तसाच वागतो, असं मी चारचौघांत त्यांच्याविषयी सांगायचो. आता ते आठवलं की अंगाची लाही होते.

प्रत्येक घराण्यात एक जण कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून नेमलेला असतो. कोण नेमतं, कधी नेमतं, देव जाणे. आमच्याकडे ते पद दाजींकडे होतं. माझं सांगलीत शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. त्याची बिलं आणि घरचे फोटो सगळं माडीवरच्या कॉम्प्युटरवर. काही बिघडलं की दाजी साताऱ्याहून यायचे. घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, चष्मा शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "हं, काय दुखतंय लेकराचं?" पण जाणकार म्हणून जावई लाभणं ही अवघड गोष्ट असते महाराजा. त्याला पैसे देता येत नाहीत, त्याची चूक काढता येत नाही, आणि दुकानातल्या माणसाला बोलावलं तर तो रुसतो. आमच्या आईच्या राज्यात तर जावयानं आमटीत मीठ जास्त टाकलं असतं तरी आम्ही वाटी पुढं केली असती.

पण माणूस मायेचा होता, हे नाकारलं तर माझी जीभ झडेल. कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा रस्ते उघडल्याबरोबर पहिले पोचले ते दाजी. खालच्या मजल्यावरच्या कपाटातले अल्बम चिखलात भिजले होते. मी ते उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. दाजींनी हातातून ओढून घेतले. गच्चीवर धोतराचं पान पसरून एकेक फोटो सुटा केला, ओल्या कापसानं पुसला, वाळवला. आक्काच्या लग्नातल्या फोटोत स्वतःचाच चेहरा पुसला गेलेला बघून म्हणाले, "बरं झालं, लय बावळट दिसत हुतो." मग सगळे फोटो एकेक करून कॉम्प्युटरवर चढवले. आई खाली जेवायला बोलवायची, तर म्हणायचे, "थांबा मामी, तुमच्या लग्नातली वरात अजून वाळायची हाय." सासूला ते मामी म्हणायचे.

त्या कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट होती, आणि आईच्या लेखी बाकीचं सगळं त्याच्यापुढं कचरा. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, जन्मात आईला नावानं हाक मारली नाही. "ऐकलं का" आणि "कुठं गेली ती" एवढ्यावर त्यांचा संसार झाला. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा नातवंडांनी आण्णांना पाटावर धरून बसवलं. नाव घेतल्याशिवाय ताट मिळणार नाही, म्हणाली. आण्णांनी टोपी सारखी केली, दोनदा खाकरले आणि म्हणाले,

"कृष्णा भेटली कोयनेला कराडच्या संगमी,
इंदूचं नाव घेतो, म्हातारपणी का होईना, मी!"

मी ते फोनवर व्हिडिओत टिपलं आणि कॉम्प्युटरवर ठेवलं. पुढच्या वर्षी आण्णा गेले. त्यानंतर पूर आला आणि माझा फोन पाण्यात गेला. नातेवाइकांना पाठवलं होतं म्हणाल, तर सगळ्यांनी 'लय भारी' म्हणून अंगठे दाखवले आणि यथावकाश आपापले फोन बदलले. कॉम्प्युटर माडीवर होता म्हणून तेवढं वाचलं. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की आई गुडघे धरत माडी चढायची. "संजा, लाव रं जरा." इंदू हे नाव आलं की पदर तोंडाला लावायची, आणि संपलं की म्हणायची, "बास. उद्या परत."

कॉम्प्युटर कुरकुरायला लागला, तेव्हा मी दाजींना बोलावून घेतलं. मी दाजींना म्हटलं, "सगळ्याची नक्कल ठेवणारा एखादा चांगला बॅकअपचा प्रोग्रॅम घेऊ. विकतचा असला तरी चालेल, आणि एक नक्कल इंटरनेटवर पण ठेवू." दाजींनी मान हलवली. "आपल्या घरचं सामान दुसऱ्याच्या माडीवर कशाला? उद्या त्यानं कुलूप बदललं मंजे?" मग त्यांनी स्वतः वापरत असलेला एक प्रोग्रॅम टाकला, एक बाहेरची डिस्क जोडली. पडद्यावर हिरवी खूण आली. "झालं. आता बॉम्ब पडला तरी भ्या न्हाई."

माझा स्वभाव दुकानदाराचा. मोटर फिरवून दाखवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही. म्हटलं, "दाजी, या डिस्कवरनं एकदा परत आणून दाखवा की. आण्णांचंच आणा."

दाजी काही बोलायच्या आत आई कडाडली, "जावईबापूंची परीक्षा घेतोस व्हय रं? लाज हाय का न्हाई तुला?"

"घ्या की परीक्षा, त्यात काय!" दाजी हसले. पण खाली पुरणपोळ्या तव्यावरून उतरत होत्या, आईनं त्यांना पाटावर नेऊन बसवलं, आणि परीक्षा राहून गेली.

पुढच्या खेपेला ते म्हणाले, नक्कल झालेली आहे, आता कॉम्प्युटर सगळा पुसून नव्यानं चालू करू, पळायला लागेल. दिवसभर माडीवर बसले. संध्याकाळी सगळं परत आणलं. दुकानाची बिलं आली, पुरातले फोटो आले. दिवा लावून आई वर आली. "जावईबापू, ह्यांचं लावता का?"

दाजींनी मान वळवली नाही. पडद्याकडंच बघत म्हणाले, "ते जड हाय मामी. सावकाश यील. पुढच्या खेपेला लावतो."

"हाय न्हवं पण?"

"हाय की! जातंय कुठं?"

ते 'हाय की' मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढची खेप आली, त्याच्या पुढची आली. दाजी यायचे, माडीचं दार लावून बसायचे. "व्हायरस हाय, लांब ऱ्हावा," म्हणायचे. उतरले की आई जिन्याशी उभीच. "आज गावलं का?" आणि दाजी, "जवळ आलंय मामी, थोडं ऱ्हायलंय." दिवाळी झाली, संक्रांत झाली, गुढीपाडवा झाला. आई दिवा लावून झाला की माडीकडं बघायची आणि म्हणायची, "जावईबापू म्हणाल्यात, मंजे यील." तिनं एकदाही कुरकुर केली नाही. तिच्या त्या विश्वासानंच मला आता जास्त त्रास होतो. मीही म्हटलं, पोच घेतल्याशिवाय फोन न ठेवणारा माणूस आहे, उगाच कशाला बोलेल? आणि त्या सगळ्या महिन्यांत मी त्याच कॉम्प्युटरवर दुकानाची बिलं चढवत होतो, पोरीच्या बारशाचे, सहलीचे फोटो चढवत होतो.

शेवटी माझा धीर सुटला. दाजींना न कळवता कॉम्प्युटर आणि ती डिस्क उचलून सांगलीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. तिथं काम करणाऱ्या बाईंनी दोन्ही तपासून मला समोर बसवलं. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या व्हिडिओचा फोल्डर बॅकअपमध्ये कधी नव्हताच. प्रोग्रॅम ठरलेल्या जागांचीच नक्कल घेत होता, हा फोल्डर वेगळ्या जागी होता."

"मग गेला?"

"पुसला त्या दिवशी गेला नव्हता. पुसलं तरी खाली शिल्लक असतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. त्याच दिवशी बंद करून आमच्याकडे आणला असता तर बहुतेक निघाला असता. पण तुम्ही रोज वापरत राहिलात. आणि कोणीतरी ह्याच कॉम्प्युटरवर फायली परत काढायचा प्रोग्रॅम टाकून टाकून बघितलाय. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवायचा असतो. प्रत्येक वेळी थोडं थोडं आणखी गेलं."

म्हणजे आण्णा त्या दिवशी घरातच होते. मी बिलं आणि बारसं चढवून त्यांच्यावर माती लोटत होतो, आणि ज्याला हे ठाऊक होतं तो माणूस खाली पाटावर बसून पोळीवर तूप मागत होता. कृष्णामाईनं सोडलं ते दाजींनी घालवलं. चूक झाली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. चुका मीही करतो, चुकीची मोटर मीही विकलीय. घात केला तो 'हाय की'नं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. दाजी ओसरीवर पेपर वाचत होते.

"दाजी, त्या दिवशी आईनं इचारलं, तवा तुमाला म्हाईत हुतं का न्हवतं?"

त्यांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली. "हुतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"जावई माणूस मी, संजय. मामींच्या तोंडावर कसं सांगू, तुमचा मालक मीच पुसला म्हणून? त्यांनी मला कवा नावं ठेवली न्हाईत. वाटलं, काढीन कसंबी, मग सांगीन."

"साऱ्या जगाला पोच मागत हिंडलात की तुमी! आन आमाला खोटी पोच दिलीत? कधी, तर माझी म्हातारी जिन्याशी उभी ऱ्हायली तवा?"

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ते पाणी न पिता मी परत आलो.

आईला सांगावं लागलं. ती रडली नाही की चिडली नाही. नुसती म्हणाली, "त्यांचा हात चुकला असंल." पण त्या दिवसापासून माडी चढायची थांबली. दिवा लावायची आणि तिथंच खाली बसून राहायची. दाजी त्यानंतर सांगलीला आले नाहीत. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. तांदळाची पोती मात्र एसटीनं येत राहिली, कोणी न सांगता.

मग एका सकाळी साताऱ्याहून बातमी आली, झोपेतच गेले. मी गेलो, खांदा दिला, आक्कासाठी. मनात एकच होतं, मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणजे जाता जाताही यांनी मलाच गप्प बसवलं. तेरावा झाल्यावर आक्कानं रुमालात बांधलेला एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "ह्यांच्या घड्याळापाशी हुता. तुमच्या माडीवर बसून निघालं तेवढं ह्याच्यात हाय म्हणायचे. कवापासनं जपून ठेवला हुता त्यांनी. मामींना द्यायचाय म्हणायचे, पण अर्धा कसा देऊ, म्हणून ठेवून द्यायचे."

सांगलीला येऊन लावून बघितलं. चित्र नव्हतंच, नुसता काळा पडदा. पण आवाज होता. आण्णांचं खाकरणं, दोनदा. नातवंडांचा कालवा. आणि मग,

"कृष्णा भेटली कोयनेला कराडच्या संगमी..."

पुढं काही नाही. तिथंच तुटलं होतं. नावाच्या ऐन तोंडावर.

माझा संताप दुप्पट झाला. हे यांच्याकडे होतं! माझी आई वर्षभर अंधारात बसली, आणि हे अर्धं का होईना, यांच्या टेबलावर पडून होतं, जावयाचा मान राखत. मी कॉम्प्युटर खाली आणून देवघराशेजारी ठेवला आणि आईला ऐकवलं. आण्णा खाकरले तशी ती सावरून बसली. 'संगमी' म्हणून आवाज तुटला. मी बंद करायला हात पुढं केला, तर तिनं मनगट धरलं. आणि हळूच, कोणी ऐकू नये असं, स्वतःच्या तोंडानं पुढची ओळ पुरी केली, 'इंदू'सकट. पदर तोंडाला लावला.

मग पलीकडे दाजी फोन धरून थांबलेत जणू, अशी मान वर करून म्हणाली, "पोचलं हो, जावईबापू."

आता घरच्या नकला तीन ठिकाणी असतात, त्यातली एक दुसऱ्याच्या माडीवर. महिन्यातून एकदा मी एखादी फाईल परत आणून, उघडून बघतो. हे शिकलो ते दाजींकडूनच, त्यांच्याच वाक्यावरून. आई रोज संध्याकाळी अर्धं ऐकते, अर्धं म्हणते. त्या वेळी मी दुकानाचं काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो. आईनं पोच दिली. मी अजून दिलेली नाही.